जीवाश्म स्कॅलपची जात शिंपल्यावरून कशी ओळखावी: चेसापेक्टेन जेफरसोनियसचे उदाहरण

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात जेम्स आणि यॉर्क या नद्यांच्या काठांवर वाळू आणि चिकणमाती मिसळलेल्या दरडी आहेत. या दरडींतून पंख्याच्या आकाराचे, तळहात भरून टाकतील एवढे मोठे शिंपले निसटून खालच्या पुळणीवर पडत असतात. ते स्कॅलप या द्विपुट, म्हणजे दोन झडपांचे कवच असलेल्या, प्राण्याचे जीवाश्म असून त्यांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे चेसापेक्टेन जेफरसोनियस. १९९३ साली व्हर्जिनियाने त्याला राज्याचा अधिकृत जीवाश्म म्हणून मान्यता दिली. त्याचे चित्र मात्र त्याच्या कितीतरी आधी, १६८७ साली, इंग्रज निसर्गअभ्यासक मार्टिन लिस्टर यांनी छापले होते आणि उत्तर अमेरिकेतील जीवाश्माचे शास्त्रीय ग्रंथात आलेले ते पहिले चित्र मानले जाते. थॉमस से यांनी १८२४ साली फिलाडेल्फियाच्या नॅचरल सायन्सेस अकादमीच्या नियतकालिकात त्याला राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्यावरून ‘पेक्टेन जेफरसोनियस’ असे नाव दिले आणि १९७५ साली लॉक वॉर्ड व ब्लेक ब्लॅकवेल्डर यांनी त्याच्यासाठी व त्याच्या नातलगांसाठी चेसापेक्टेन ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, स्थापन केली.

हातात आलेला शिंपला याच जातीचा आहे की तिच्या जवळच्या एखाद्या जातीचा, हे ठरवण्याची रीत या लेखात पायरीपायरीने दिली आहे. आधी वर्णन पूर्ण करावे आणि नाव त्यानंतर शोधावे, हा या रीतीचा गाभा आहे. मनात नाव धरून शिंपला पाहायला घेतला की डोळ्यांना त्या नावाला साजेल तेवढेच दिसते आणि उरलेली लक्षणे नोंदवायची राहून जातात. चुकीची ओळख बहुतेक वेळा कंगोरे मोजून लगेच नाव देण्याच्या घाईतून होते, असे माझे ठाम मत आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला असल्यामुळे समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म पाहण्यासाठी इथल्या अभ्यासकाला कच्छ किंवा तमिळनाडूतील अरियलूर गाठावे लागते. कच्छच्या मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतही स्कॅलपच्या कुळाचे जीवाश्म सापडतात आणि पुढे दिलेल्या पायऱ्या थोड्याफार फरकाने तिथेही लागू पडतात. उदाहरण व्हर्जिनियाचे घेण्याचे कारण इतकेच की तिथे एकाच प्रजातीच्या अनेक जाती एकावर एक असलेल्या थरांत ओळीने सापडतात आणि त्यामुळे कोणत्या लक्षणाला किती वजन द्यावे हे तिथे फार स्वच्छपणे शिकता येते.

उचलण्याआधीची नोंद

शिंपला उचलण्यापूर्वी त्याची जागा, त्याचा थर आणि तो पडलेला होता की थरात रुतलेला, या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. थरात रुतलेल्या शिंपल्याचे वय थरावरून कळते, तर पुळणीवर पडलेला शिंपला दरडीच्या कोणत्याही उंचीवरून आलेला असू शकतो. म्हणून ‘सुटा, पुळणीवर’ किंवा ‘थरात, दरडीच्या पायथ्यापासून अमुक मीटर उंचीवर’ असे स्पष्ट शब्द लिहावेत. थरात असल्यास फुगीर बाजू वर होती की खाली, दोन्ही झडपा जोडलेल्या होत्या की सुट्या, आणि शेजारी कोणते शिंपले होते हेही टिपावे.

या नोंदीचे महत्त्व थरांच्या क्रमावरून कळते. चेसापेक्टेन जेफरसोनियस हा यॉर्कटाउन शैलसमूहाच्या, म्हणजे त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांच्या गटाच्या, खालच्या भागातला शिंपला आहे. हा शैलसमूह प्लायोसीन काळातील, म्हणजे ढोबळमानाने ५० लाख ते ३० लाख वर्षांपूर्वीचा. मेरीलँडमधील कॅल्व्हर्ट कड्यांत त्याआधीचे, मायोसीन काळातील कॅल्व्हर्ट, चोप्टँक आणि सेंट मेरीज हे शैलसमूह उघडे पडले आहेत. त्यामुळे त्या कड्यांच्या थरातून काढलेला शिंपला वरवर कितीही सारखा दिसला तरी त्याला जेफरसोनियस म्हणण्याआधी थांबावे आणि त्याच प्रजातीतील जुन्या जाती तपासाव्यात. से यांच्या १८२४ च्या निबंधाच्या शीर्षकात मेरीलँडचे नाव होते, जेफरसोनियसचे विपुल थर मात्र व्हर्जिनियात आहेत. जागेची नोंद ढिली राहिली की पुढच्या पिढ्यांना किती शोधाशोध करावी लागते, हे यावरून लक्षात यावे.

व्हर्जिनिया-मेरीलँडच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी इथेच एक सूचना करतो. राज्य उद्यानांमध्ये जीवाश्म उचलण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते आणि ठिसूळ दरडींच्या पायथ्याशी उभे राहणे जिवावर बेतू शकते. कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये तर कड्यांखालून चालायलाच मनाई आहे.

साफसफाई

स्कॅलपचे कवच मुख्यतः कॅल्साइटचे असते, आणि कॅल्साइट हे ॲरागोनाइटपेक्षा (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे) टिकाऊ. म्हणूनच ज्या थरांतून ॲरागोनाइटी कवचांचे इतर शिंपले विरघळून गेले आहेत तिथेही स्कॅलप शाबूत सापडतात. पण आम्लापुढे कॅल्साइटही टिकत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्याने शिंपला ‘चकाचक’ करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण आम्ल सर्वांत आधी बारीक खवले आणि सूक्ष्म रेषा खाऊन टाकते आणि ओळखीसाठी आपल्याला नेमके तेच हवे असतात. साधे पाणी, मऊ दातघाशी ब्रश आणि बिजागरीच्या कोपऱ्यांतील वाळूसाठी बांबूची काडी एवढे साहित्य पुरते. ओला शिंपला उन्हात न ठेवता सावलीत वाळवावा.

शिंपल्यावर चिकटलेले बार्नॅकल (खडकांना व शिंपल्यांना चिकटून राहणारे छोटे कवचधारी समुद्री प्राणी) खरवडून काढू नयेत. बार्नॅकल फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर असतील तर ते प्राणी जिवंत असतानाही बसलेले असू शकतात, पण आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर असतील तर प्राणी मेल्यानंतर झडप समुद्रतळावर काही काळ उघडी पडून होती, हे नक्की होते. टाचणीच्या टोकाएवढ्या गोल छिद्रांची जाळी दिसली तर ते बहुधा कवच पोखरणाऱ्या स्पंजाचे काम असते. ती छिद्रे शिंपल्याचे लक्षण समजून वर्णनात घुसवू नयेत, मात्र टिकाव आणि झीज सांगणाऱ्या वाक्यात त्यांचा उल्लेख जरूर करावा.

झडप उजवी की डावी

ही पायरी गाळून पुढे गेल्यास पुढची सगळी तुलना बिघडते, कारण स्कॅलपच्या दोन झडपा एकसारख्या नसतात. प्राणी समुद्रतळावर उजवी झडप खाली ठेवून पडलेला असतो.

शिंपल्याची बाहेरची बाजू आपल्याकडे आणि चोच, म्हणजे वाढ जिथून सुरू झाली ते टोक, वर धरावी. चोचीच्या दोन्ही बाजूंना सपाट पसरलेले दोन कान दिसतील. त्यांपैकी एका कानाखाली कडा आत वळून खाच झालेली असेल तर ती झडप उजवी, आणि ती खाच पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला येते. ज्या बाजूला खाच ती प्राण्याची पुढची बाजू. डाव्या झडपेवर अशी खाच नसते, फार तर पुढच्या कानाची कडा हलकीशी आत झुकलेली असते.

कान तुटलेले असतील तर शिंपला उलटा करून आतून पाहावा. कोकणातल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यात आतल्या बाजूला दोन टोकांना स्नायूंच्या दोन खुणा दिसतात, तर प्रौढ स्कॅलपमध्ये झडपा मिटणारा एकच मोठा स्नायू असतो आणि त्याची गोलसर खूण मध्यापासून मागच्या बाजूला सरकलेली असते. चोच वर धरून आतून पाहताना ही खूण आपल्या डावीकडे झुकलेली असेल तर झडप डावी, आणि उजवीकडे झुकलेली असेल तर उजवी. ही खूण अनेकदा पुसट असते, म्हणून दिव्याचा प्रकाश तिरपा टाकून झडप सावकाश फिरवावी, म्हणजे खुणेची कड उजळते.

मापे

व्हर्नियर कॅलिपर आणि साधा कोनमापक घ्यावा आणि सर्व मापे मिलिमीटरमध्ये लिहावीत. उंची म्हणजे चोचीपासून समोरच्या कडेपर्यंतचे, बिजागरीच्या रेषेला काटकोनात घेतलेले अंतर. लांबी म्हणजे बिजागरीला समांतर असलेली सर्वांत मोठी रुंदी. मराठी बोलताना आपण याच मापाला ‘रुंदी’ म्हणून जातो, पण द्विपुटांच्या वर्णनात पुढून मागे जाणाऱ्या मापाला लांबी म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो सोडला तर आपली आकडेवारी इतरांच्या तक्त्यांशी जुळणार नाही. फुगवटा मोजताना झडप पोकळ बाजू खाली करून सपाट काचेवर ठेवावी आणि काचेपासून सर्वांत उंच बिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे. याशिवाय बिजागरीची एकूण लांबी, पुढच्या आणि मागच्या कानाची वेगवेगळी लांबी, आणि चोचीपासून कानांखाली उतरणाऱ्या दोन कडांमध्ये (म्हणजे खांद्यांमध्ये) चोचीपाशी होणारा कोन ही मापे घ्यावीत.

कडा तुटलेली असेल तर अंदाजाने आकडा भरू नये. माप कंसात लिहून ‘अपूर्ण’ असा शेरा मारावा. अशा शिंपल्याचाही उपयोग होतो. वाढीच्या रेषांपैकी शाबूत असलेली एखादी ठळक रेषा निवडून तिच्यापर्यंतची उंची आणि लांबी मोजली, तर तो प्राणी त्या वयाचा असताना केवढा होता हे कळते आणि लहान शिंपल्यांशी त्याची थेट तुलना करता येते.

बिजागरी, कान आणि सूत्रखाच

नवख्या अभ्यासकाचे लक्ष कंगोऱ्यांकडे जाते, अनुभवी माणूस मात्र आधी बिजागरी पाहतो. स्कॅलपच्या बिजागरीच्या मध्यभागी, चोचीच्या अगदी खाली, एक त्रिकोणी खोबण असते. झडपा उघडणारी लवचिक गादी तिच्यात बसलेली असे. या खोबणीची रुंदी आणि खोली, तसेच तिच्या दोन्ही बाजूंना बारीक कडा किंवा दाते आहेत का, हे भिंगातून पाहून लिहावे.

उजव्या झडपेच्या पुढच्या कानाखालची खाच हे सर्वांत बोलके लक्षण आहे. पिल्लू वयात स्कॅलप सूत्रगुच्छ नावाच्या चिवट धाग्यांनी दगडाला किंवा दुसऱ्या शिंपल्याला स्वतःला बांधून घेतो आणि ते धागे याच खाचेतून बाहेर पडतात. म्हणून तिला आपण सूत्रखाच म्हणू. खाचेलगत, तबकडीच्या (कान वगळता उरणाऱ्या पंख्यासारख्या भागाच्या) कडेवर, फणीच्या दात्यांसारखे बारीक दात ओळीने असतात आणि ते धागे एकमेकांत गुंतू न देता वेगवेगळे धरून ठेवतात. ही दातांची ओळ पेक्टिनिडी, म्हणजे स्कॅलपच्या, कुळाची खूण मानली जाते. दहापट भिंग घेऊन खाचेच्या खालच्या कडेवरून तिरप्या प्रकाशात नजर फिरवली तर शाबूत शिंपल्यात हे दात एकेक करून मोजता येतात. मोठ्या झालेल्या शिंपल्यात मात्र शेवटचे दोन-तीनच उघडे असतात किंवा नव्या कवचाखाली सगळे गाडले गेलेले असतात.

चेसापेक्टेनच्या बाबतीत या खाचेचे महत्त्व आणखी वाढते. या प्रजातीच्या मायोसीन काळातील जुन्या जातींत सूत्रखाच खोल आणि ठळक असते, तर थरांतून वर येत येत प्लायोसीनमधील जातींपर्यंत ती उथळ होत गेलेली दिसते. धाग्यांनी बांधून राहण्यापेक्षा समुद्रतळावर मोकळे पडून राहण्याकडे या वंशाचा कल वाढत गेला, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे जेफरसोनियसची उथळ खाच आणि त्याच्या आधीच्या, ईस्टओव्हर शैलसमूहातील चेसापेक्टेन मिडलसेक्सेन्सिसची अधिक खोल खाच हा भेद ओळखीसाठी फार उपयोगी ठरतो.

इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जी खाच वंशाच्या इतिहासात उथळ होत गेली, ती प्रत्येक शिंपल्याच्या आयुष्यातही वयानुसार बदलते. जेफरसोनियसचे छोटे पिल्लू आणि मिडलसेक्सेन्सिसचा प्रौढ शिंपला शेजारी ठेवून केवळ खाचेची खोली पाहिली, तर निष्कर्ष फसवा निघण्याची दाट शक्यता असते. म्हणून खाचेची तुलना नेहमी साधारण एकाच उंचीच्या शिंपल्यांत करावी. तसे शिंपले नसतील तर पुढच्या कानावरच्या वाढीच्या रेषा वाचाव्यात. खाच पूर्वी जिथे होती तिथे तिचा भरून आलेला पट्टा कानावर राहतो आणि त्या पट्ट्यावरून कोणत्या वयात ती किती खोल होती हे मागे जात जात शोधता येते. लिहिताना नुसते ‘खाच उथळ’ असे न म्हणता खाचेची खोली पुढच्या कानाच्या लांबीच्या किती प्रमाणात आहे ते लिहावे.

कानांचे वर्णन करताना पुढचा आणि मागचा कान सारखे आहेत की असमान, त्यांची बाहेरची कडा बिजागरीशी काटकोन करते की तिरपी उतरते, आणि कानांवर चोचीतून निघालेल्या बारीक रेषा किती आहेत, एवढे तपशील पुरेसे होतात.

कंगोरे

आता कंगोऱ्यांकडे वळू. जेफरसोनियसवर साधारण ९ ते १२ कंगोरे असतात. ते ठसठशीत, उंच आणि माथ्याला बरेचसे सपाट असतात आणि त्यांच्यामधल्या पन्हळीही रुंद आणि स्पष्ट असतात. त्याच्यानंतर यॉर्कटाउनच्या वरच्या भागात विपुल होणाऱ्या चेसापेक्टेन मॅडिसोनियसवर कंगोरे संख्येने अधिक, तुलनेने बुटके आणि अधिक दाट बसलेले असतात. चेसापेक्टेन सेप्टेनेरियसवर ते सातच्या आसपास असून एकमेकांपेक्षा ठळकपणे लहानमोठे असतात. या तिन्ही जातींना से यांनी १८२४ सालीच नावे दिली.

संख्या वरकरणी सोपी वाटते, पण दोन माणसांनी एकाच शिंपल्यावर दोन वेगळे आकडे काढण्याचे प्रसंग नेहमीचे आहेत. वाद बहुतेक वेळा टोकांच्या कंगोऱ्यांवरून होतो, कारण कानांजवळच्या उतारावर कंगोरे इतके पुसट होत जातात की तो कंगोरा मानावा की नुसती रेषा, हा प्रश्न पडतो. त्यासाठी एक नियम ठरवून तो सर्व शिंपल्यांना सारखाच लावावा. दोन्ही बाजूंना पन्हळ असलेला आणि चोचीपासून कडेपर्यंत सलग जाणारा उंचवटा तेवढाच कंगोरा धरावा आणि बाकीचे ‘अधिक दोन पुसट’ अशा शब्दांत वेगळे लिहावेत. मोजणी कडेवर न करता उंचीच्या मध्यावर, एखाद्या वाढीच्या रेषेच्या अनुरोधाने करावी, कारण कडा झिजलेली किंवा तुटलेली असते. कंगोऱ्यांची संख्या साधारणपणे प्राण्याच्या लहानपणीच ठरून जाते, म्हणून खाचेच्या बाबतीत वयाची जेवढी काळजी घ्यावी लागते तेवढी इथे लागत नाही. हा कंगोऱ्यांचा मोठा फायदा आहे आणि ते लोकप्रिय लक्षण का झाले याचे कारणही तेच असावे.

बाहेरची बाजू फारच झिजलेली असेल तर शिंपला उलटा करावा. बाहेरच्या प्रत्येक मोठ्या कंगोऱ्याच्या जागी आत पन्हळ आणि बाहेरच्या पन्हळीच्या जागी आत उंचवटा असतो. कडेजवळ तो चांगला उठून दिसत असल्यामुळे लाटांनी घासून गुळगुळीत केलेल्या शिंपल्यावरही आतून मोजणी जमते.

संख्येनंतर आकार पाहावा. शिंपल्याच्या खालच्या कडेवर मातीचा किंवा खेळण्यातल्या चिकणमातीचा छोटा पट्टा अलगद दाबून ठसा घेतला की कंगोऱ्याचा आडवा छेद कागदावर उतरवता येतो: माथा सपाट, गोल की टोकदार, बाजू उभ्या की उतरत्या, पन्हळीचा तळ रुंद की इंग्रजी व्ही अक्षरासारखा. एकाच उंचीवर, उदाहरणार्थ चोचीपासून ५० मिलिमीटरवर, मधल्या कंगोऱ्याची आणि त्याच्या शेजारच्या पन्हळीची रुंदी मोजून त्यांचे गुणोत्तर लिहावे. संख्या सारखी असूनही या गुणोत्तरावरून भेद उघड होतो आणि माझ्या मते नुसत्या संख्येपेक्षा या आकड्यावर अधिक विसंबावे.

शेवटी पृष्ठभागाची बारीक नक्षी. मोठ्या कंगोऱ्यांवर आणि पन्हळींत चोचीकडून कडेकडे जाणाऱ्या बारीक दुय्यम रेषा असतात आणि वाढीच्या रेषा त्यांना छेदतात तिथे छोटे छोटे खवले उभे राहतात. बोटाचे टोक कडेकडून चोचीकडे फिरवले की त्यांची खरखर जाणवते. दुय्यम रेषा फक्त माथ्यावर आहेत की पन्हळींतही, एका कंगोऱ्यावर किती आहेत, आणि खवले दाट की विरळ, हे भिंगातून पाहून लिहावे. झिजलेल्या शिंपल्यावर खवले न दिसल्यास ‘खवले नाहीत’ असे न लिहिता ‘झिजेमुळे दिसत नाहीत’ असे लिहावे. या दोन वाक्यांच्या अर्थात फार मोठे अंतर आहे. नक्षी सर्वांत चांगली टिकते ती कानांजवळच्या उतारावर आणि पन्हळींच्या तळाशी, म्हणून शोध तिथूनच सुरू करावा.

छायाचित्र काढताना प्रकाश वरच्या डाव्या बाजूने, तिरपा टाकण्याची प्रथा आहे. प्रयोगशाळांत शिंपल्यावर अमोनियम क्लोराइडचा पांढरा पातळ थर धरून रंगाचे डाग झाकतात, त्यामुळे नक्षी उठून दिसते. घरी एकच दिवा आणि काळा कागद पुरतो. पट्टी मात्र चौकटीत असलीच पाहिजे.

वर्णन कसे लिहावे

वर्णनाचा क्रम ठरलेला ठेवावा: झडप आणि टिकाव, आकार आणि मापे, बिजागरी आणि कान, खाच, कंगोरे, बारीक नक्षी, आतली बाजू. समजा, एक शिंपला हाती आहे. त्याचे वर्णन पुढीलप्रमाणे होईल.

‘उजवी झडप, जवळपास संपूर्ण, मागच्या कानाचे टोक तुटलेले, बाहेरच्या पृष्ठभागावर दोन बार्नॅकल, आत काही नाही. आकार जवळजवळ गोल, लांबी उंचीपेक्षा किंचित जास्त; उंची ९२, लांबी ९६, फुगवटा १८ मिमी. बिजागरी सरळ, मधली खोबण त्रिकोणी, खोल. पुढच्या कानावर पाच बारीक रेषा. सूत्रखाच उथळ, खोली पुढच्या कानाच्या लांबीच्या सुमारे एकपंचमांश. तीन दात उघडे. मुख्य कंगोरे १०, अधिक एक पुसट. माथा सपाट, बाजू उभ्या. मध्यावर कंगोरा आणि पन्हळ यांच्या रुंदी जवळजवळ सारख्या. दुय्यम रेषा माथ्यावर व पन्हळींत. खवले कानांजवळच्या उतारावर टिकलेले, इतरत्र झिजलेले. स्नायूची खूण मोठी, गोल, मध्यापासून मागे.’

या परिच्छेदात जातीचे नाव कुठेही आलेले नाही आणि तेच योग्य आहे. वर्णनात ‘सुंदर’, ‘मोठा’, ‘नेहमीसारखा’ असे शब्दही नसावेत, कारण वाचणाऱ्याने तो शिंपला पाहिलेला नसतो. दहा-पंधरा शिंपले असतील तर प्रत्येकाचे आकडे तक्त्यात भरावेत आणि वर्णनात कमीतकमी व जास्तीतजास्त मूल्ये द्यावीत. जात ही एका शिंपल्याची नसून समूहाची असते, त्यामुळे तिचा पल्ला सांगितल्याशिवाय तिचे वर्णन पुरे होत नाही.

तुलना आणि निर्णय

आता जातींच्या यादीशी ताडून पाहावे. पहिला प्रश्न असा विचारावा की हा चेसापेक्टेन तरी आहे का. यॉर्कटाउनच्या खालच्या थरांत प्लॅकोपेक्टेन क्लिंटोनियस हा दुसरा मोठा स्कॅलपही सापडतो. त्याच्यावर ठसठशीत कंगोऱ्यांऐवजी असंख्य बारीक रेषा असतात आणि लांबून तो गुळगुळीत वाटतो. त्याला वगळणे सोपे आहे आणि त्याची सोबत थर ओळखायला मदतही करते.

चेसापेक्टेनच्या आत शिरल्यावर थर आणि लक्षणे एकत्र ठेवावीत. मायोसीनच्या चोप्टँक शैलसमूहात चेसापेक्टेन नेफ्रेन्स, सेंट मेरीजमध्ये चेसापेक्टेन सँटामारिया, ईस्टओव्हरमध्ये मिडलसेक्सेन्सिस, यॉर्कटाउनच्या खालच्या भागात जेफरसोनियस आणि वरच्या भागात मॅडिसोनियस व सेप्टेनेरियस, असा ढोबळ क्रम आहे. वरच्या उदाहरणातील शिंपला यॉर्कटाउनच्या खालच्या थरात रुतलेला मिळाला असेल, तर १० सपाट माथ्याचे कंगोरे, त्यांच्याएवढ्याच रुंद पन्हळी आणि उथळ खाच ही तिन्ही लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवतात आणि जेफरसोनियस हे नाव निर्धास्तपणे देता येते.

थराचा पुरावा मात्र तोलून वापरावा. ‘हा थर जेफरसोनियसचा, म्हणून हा शिंपला जेफरसोनियस’ आणि ‘इथे जेफरसोनियस सापडला, म्हणून हा थर यॉर्कटाउनचा’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी केली तर युक्तिवाद गोल फिरतो. आधी नुसत्या शिंपल्यावरून शक्य तेवढा निर्णय करावा, तो वेगळा लिहून ठेवावा आणि मग थर काय सांगतो ते पाहावे. दोघांचे जुळले तर उत्तम. न जुळल्यास शिंपला वरून घसरून आला होता का, जुन्या थरातून धुपून नव्यात पुन्हा पुरला गेला होता का, हे तपासावे. असा पुन्हा पुरला गेलेला शिंपला सहसा जास्त झिजलेला असतो आणि त्याच्या पन्हळींत अडकलेली माती भोवतालच्या मातीपेक्षा वेगळ्या रंगाची किंवा पोताची असू शकते. म्हणूनच साफसफाईच्या वेळी त्या मातीची चिमूटभर कुपीत राखून ठेवावी.

काही शिंपले दोन जातींच्या मधले निघतात. ११-१२ कंगोऱ्यांचा, मध्यम उंचीचा, यॉर्कटाउनच्या मधल्या पट्ट्यातला सुटा शिंपला मिळाला तर जेफरसोनियस आणि मॅडिसोनियस यांच्यात निवड करणे खरोखरच कठीण असते. थरांतून वर जाताना या वंशाची लक्षणे हळूहळू सरकत गेली असतील तर असे मधले नमुने मिळणारच, आणि अशा वेळी ओढूनताणून नाव चिकटवणे हे अभ्यासाचे नुकसान आहे.

नाव लिहिण्याची रीत

खात्री असल्यास पूर्ण नाव लिहावे: चेसापेक्टेन जेफरसोनियस (से, १८२४). कंसाला इथे नेमका अर्थ आहे. से यांनी ही जात पेक्टेन या प्रजातीत ठेवली होती आणि पुढे ती दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली, म्हणून मूळ लेखकाचे नाव कंसात जाते. उलट चेसापेक्टेन नेफ्रेन्स वॉर्ड आणि ब्लॅकवेल्डर, १९७५ यात कंस नाही, कारण ती जात सुरुवातीपासून याच प्रजातीत आहे. जुन्या लेबलांवर ‘पेक्टेन जेफरसोनियस’ असे दिसले तर ते खोडू नये. जुने लेबल तसेच ठेवून नवे त्याच्या सोबत जोडावे, म्हणजे कोणी कधी काय मानले होते याचा माग राहतो.

ओळख बरीचशी जुळते पण खात्री नाही, अशा वेळी प्रजातीच्या आणि जातीच्या नावांच्या मध्ये ‘सीएफ.’ लिहितात. जवळची पण बहुधा वेगळी जात वाटल्यास ‘ॲफ.’ लिहितात, आणि जात ठरवताच येत नसेल तर नुसते ‘चेसापेक्टेन एसपी.’ असे लिहून थांबतात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कान तुटलेल्या, घासलेल्या डाव्या झडपेला ‘एसपी.’ म्हणणे हे पुराव्याशी प्रामाणिक राहणे आहे.

प्रत्येक शिंपल्याला क्रमांक द्यावा. क्रमांक लिहिताना आतल्या बाजूला, स्नायूची खूण आणि बिजागरी टाळून, आधी पारदर्शक लॅकरचा छोटा ठिपका द्यावा आणि तो वाळल्यावर त्यावर टिकाऊ शाईने आकडा लिहावा, म्हणजे शाई कवचात मुरत नाही. तोच क्रमांक वहीत, छायाचित्रावर आणि लेबलवर असावा. लेबलवर जागा, थर, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, दिलेले नाव आणि ते नाव कोणी व केव्हा ठरवले, एवढे यावे. नाव पुढे बदलले तरी जागा आणि थर यांच्या नोंदी बदलत नाहीत. एखाद्या संग्रहालयाला शिंपला देण्याची वेळ आली तर तिथला अभ्यासक सर्वांत आधी त्याच दोन ओळी वाचतो.